तीन रात्री उभी राहिली की गाडी सेल्फ घ्यायची नाही

आमची गाडी २००६ ची आहे, पेट्रोल, छोटी हॅचबॅक, बाबांनी साताऱ्यात घेतली आणि सोळा वर्षं एकट्यांनीच चालवली. २०२१ ला पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत पासिंग करून पाच वर्षांचं रिन्युअल पण त्यांनीच करून घेतलं. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, रात्रीचं ड्रायव्हिंग नको वाटायला लागलं आणि २०२२ च्या दिवाळीनंतर गाडी पुण्याला माझ्याकडे आली. इंजिन अजून छान आहे, गंज नाही, एसी चालतो, मला ती विकायची अजिबात इच्छा नाही. फक्त एक त्रास होता आणि त्याने मला तीन वर्षं छळलं. गाडी तीन रात्री उभी राहिली की चौथ्या दिवशी सेल्फ घ्यायची नाही. चावी फिरवली की डॅशबोर्डचे लाईट मंद व्हायचे आणि टक टक टक टक असा आवाज, बस.

मी सोमवार ते शुक्रवार बहुतेक घरूनच काम करते, त्यामुळे गाडी शनिवार रविवार फिरते आणि बाकीचे दिवस बेसमेंट पार्किंगमध्ये उभी. रविवारी संध्याकाळी ठेवलेली गाडी बुधवारी संध्याकाळी हमखास बंद. बरं मधेच कधी दिवसाआड बाहेर जाऊन आले तर शनिवारपर्यंत चालायची, म्हणजे मला वाटायचं की झाली बरी आपोआप, आणि मग पुन्हा तेच. वॉचमनकाका आणि खालच्या मजल्यावरचे दोन कॉलेजातले मुलगे यांनी किती वेळा धक्का मारलाय त्याची गणती नाही. बेसमेंटच्या रॅम्पवर धक्का मारून गाडी चढवता येत नाही, त्यामुळे आधी सपाटीवर मागेपुढे करून दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडायचा. एकदा आईला दवाखान्यात न्यायचं होतं, ती साताऱ्याहून आली होती, आणि गाडी चालू होईना. रिक्षाने गेलो, सगळं नीट झालं, पण त्या दिवशी मी खरंच रडकुंडीला आले होते.

तीन वर्षांत दोन बॅटऱ्या घेतल्या. पहिल्या वेळी काहीच शंका आली नाही कारण जुनी बॅटरी चार वर्षांची झालेली होती आणि बॅटरी चार वर्षांनी जातेच. नवीन टाकली, जुनी देऊन चार हजारांच्या आसपास गेले. ती दीड वर्षात बसली. वॉरंटीत होती म्हणून घेऊन गेले तर दुकानदाराने चार्जिंगला लावली, दुसऱ्या दिवशी टेस्टर लावून दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, बॅटरी वीक झालीय पण सेल गेलेला नाही, वॉरंटीत बसणार नाही. तुमच्या गाडीत कुठंतरी करंट खातंय." आता हे वाक्य त्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं. पण खरं तर तो जे म्हणाला तेच बरोबर होतं आणि मी ते ऐकलं नाही, परत नवीन बॅटरी घेतली. मग नंतर एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले, त्याने बोनेट उघडलं, निगेटिव्हची वायर काढून परत टर्मिनलला टेकवली, बारीकसा स्पार्क पडला आणि लगेच निदान, डायनामोचा डायोड गेलाय, साडेचार हजार होतील. डायनामो म्हणजे चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा भाग, आणि डायोड म्हणजे त्याच्या आतला, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा. मीटर काढला नाही, काही मोजलं नाही. मी म्हटलं विचार करून सांगते.

स्पार्क पडतो हे बघून काहीतरी करंट जातोय एवढंच कळतं, किती जातोय आणि कुठे जातोय हे नाही कळत. थोडासा करंट तर प्रत्येक गाडीत जातोच, स्टिरिओचं घड्याळ, मेमरी, इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी, हे सगळं गाडी बंद असताना पण थोडं थोडं खात असतं. साधारण २० ते ५० मिलिअँपियरपर्यंत, म्हणजे ०.०२ ते ०.०५ अँपियर, चालतं असं धरतात. म्हणून मी ठरवलं की आता कोणी काही सांगो, आधी आकडा काढायचा. माझं इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण नाही, शाळेत ओहमचा नियम शिकलो तेवढंच. हे सांगते कारण वाचणाऱ्याला वाटेल की हे आपल्याला जमणार नाही. जमतं.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन पिवळ्या रंगाचा साधा डिजिटल मल्टीमीटर आणला, डीटी ८३० डी, जो सगळीकडे मिळतो, सव्वादोनशे रुपये. त्याच्याबरोबर दोन मगरचिमट्याच्या वायरी घेतल्या, एक दहा नंबरचा पाना घरात होताच. आधी फक्त व्होल्टेज बघायला शिकले कारण त्यात धोका काहीच नाही, डीसी २० व्होल्टवर ठेवायचं, मीटरची लाल वायर, म्हणजे लाल प्रोब, पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. गाडी फिरवून आल्या आल्या मोजू नका, तेव्हा आकडा फुगलेला दिसतो, रात्रभर उभी राहिली की सकाळी मोजायचं. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव आणि ११.८ ला ती रिकामीच समजायची. हा आकडा फार छोट्या पट्ट्यात फिरतो. मला आधी वाटायचं १२ व्होल्टची बॅटरी १२ दाखवतेय म्हणजे छान आहे, पण १२ म्हणजे तर तळ दिसायला लागलेला असतो.

मग गाडी चालू करून मोजलं, १४.२ आलं. १३.८ ते १४.५ च्या मधे असेल तर डायनामो चार्जिंग करतोय. म्हणजे निदान चार्जिंगची बाजू तरी ठीक होती. पण चार्जिंग नीट करणारा डायनामो बंद गाडीत डायोडमधून करंट गळू पण देऊ शकतो, त्यामुळे इलेक्ट्रिशियनचं म्हणणं अजून खोडता येत नव्हतं.

आता करंट मोजायचा होता आणि इथे माझ्याकडून एक फ्युज उडाला. करंट मोजायला मीटर वायरीच्या मधे घालावा लागतो, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि बॅटरीचं टर्मिनल आणि ती काढलेली वायर यांच्या मधे मीटर. लाल प्रोबसाठी मीटरला दोन भोकं असतात, एक मिलिअँपियरचं आणि एक १० अँपियरचं. मी लाल प्रोब मिलिअँपियरच्या भोकात तशीच ठेवली, मीटर जोडला आणि मोबाईल सीटवर राहिला म्हणून दार उघडलं, केबिन लाईट लागला आणि मीटरच्या आतला काचेचा फ्युज गेला. नवीन फ्युज पाच रुपयांत मिळाला. पण ज्यांना हे करायचंय त्यांनी नीट लक्षात ठेवा, लाल प्रोब आधी १० अँपियरच्या भोकात, नॉब पण १० अँपियरवर, आणि मीटर मधे असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, हेडलाईट लावायचा नाही. सेल्फ छोट्या गाडीत पण शंभर अँपियरच्या वर खेचतो, मीटर जळून जाईल. या स्वस्त मीटरवर १० अँपियरच्या भोकाशी अनफ्यूज्ड लिहिलेलं असतं, म्हणजे तिथे वाचवायला फ्युजसुद्धा नाही.

संध्याकाळी बाबांना फोन केला. त्यांना मल्टीमीटरचं काही विशेष नाही पण गाड्यांमध्ये आयुष्य गेलंय त्यांचं. म्हणाले, "अगं आधी मीटर कशाला लावतेस, आधी बल्ब लाव."

"बल्ब कसला बाबा?"

"केबिन लाईटचा जुना बल्ब असतो ना, दहा वॅटचा. दोन वायरी लाव त्याला आणि निगेटिव्हच्या मधे घाल. शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटेल, मग मीटर लावायचाच नाही. नुसती तार लाल झाली तर थोडं खातंय. काहीच नाही दिसलं तर मग बहुतेक गाडी चांगली आहे, बॅटरीवालाच खोटा."

मला हे इतकं आवडलं. टेस्ट लॅम्प ही आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिक लोकांची पद्धत आहे आणि त्यात खरं शहाणपण आहे, कारण मोठा करंट असेल तर तो बल्बच अडवतो, ना मीटर जळत ना वायर तापत. दुसऱ्या दिवशी दहा वॅटचा बल्ब आणला, मधे लावला आणि पार्किंगमधला ट्यूबलाईट बंद करायला सांगितला वॉचमनकाकांना. अंधारात बल्बच्या तारेला लालसर झाक होती. अगदी मंद, उजेडात दिसली नसती, पण होती. म्हणजे गाडी बंद, चावी माझ्या खिशात, दारं लावलेली, आणि तरी तिच्यातून करंट वाहत होता. तीन वर्षं ज्याने छळलं ते पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

शेजारचे एक काका घरगुती वायरिंगची कामं करतात, ते त्यांचा क्लॅम्प मीटर घेऊन मोठ्या उत्साहाने आले, वायरीभोवती चिमटा लावला की झालं, काही काढायला नको म्हणाले. लावला, ०.०० दाखवलं. मग बल्ब कसा काय लाल होतोय? बराच वेळ डोकं खाजवल्यावर काकांनीच मीटर उलटा करून वाचलं, त्यांचा क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजणारा होता, आणि गाडीत सगळं डीसी. डीसी मोजणारा क्लॅम्प वेगळा येतो, महाग असतो आणि त्यातही थोडे मिलिअँपियर अचूक दाखवणारा अजून महाग. हे इतकं बारकाईने लिहिते कारण मी ०.०० वर विश्वास ठेवला असता तर परत बॅटरीलाच दोष देऊन मोकळी झाले असते.

शनिवारी सकाळी सगळी तयारी करून बसले. हातातली बांगडी आणि अंगठी काढून ठेवली, हे प्लीज सगळ्यांनी करा, पाना किंवा बांगडी पॉझिटिव्ह आणि बॉडीच्या मधे टेकली तर क्षणात लाल होते. बॅटरीची नेहमी निगेटिव्ह आधी काढायची आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी. बॉनेट उघडं, ड्रायव्हरचं दार उघडं ठेवलं कारण फ्युज बॉक्स स्टीअरिंगच्या खाली आहे आणि नंतर दार उघडबंद करत बसायचं नव्हतं. मीटर जोडला, ०.७६ अँपियर. मग लक्षात आलं दार उघडं आहे म्हणून केबिन लाईट लागलाय. जुन्या गाड्यांमध्ये दाराच्या खांबावर रबरी टोपीचं बटण असतं, ते दाबून चिकटपट्टी लावली, लाईट गेला आणि आकडा ०.३४ झाला. ०.४२ चा फरक, पाच वॅटच्या बल्बला १२ ने भागलं तर तेवढेच येतात. हा हिशोब जुळला तेव्हा मला मीटरवर पण विश्वास बसला आणि स्वतःवर पण.

आता ०.३४ अँपियर म्हणजे किती ते बघा. माझी बॅटरी ३५ अँपियर अवरची, म्हणजे साधारण एक अँपियर ३५ तास देऊ शकेल एवढी. ०.३४ गुणिले २४, दिवसाला आठ अँपियर अवरच्या थोडं वर. तीन दिवसांत साडेचोवीस. म्हणजे ३५ मधले साडेदहा उरले, पाव बॅटरीपेक्षा थोडं जास्त, आणि वर डिसेंबरची थंडी. बुधवारी संध्याकाळी बंद पडणारच होती. आणि बाबांच्या हातात असताना हे कळलंच नाही कारण ते रोज सकाळ संध्याकाळ गाडी काढायचे, एका रात्रीत चार पाच अँपियर अवर जायचे आणि दुसऱ्या दिवशी डायनामो ते भरून काढायचा. रोज फिरणाऱ्या गाडीत हा रोग वर्षानुवर्षं दबून राहतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बाबांची गाडी आठवड्याभरात बंद पडली होती, तेव्हा सगळ्यांच्याच गाड्या बंद पडत होत्या म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

मग फ्युज काढायला सुरुवात केली. आधी फ्युज बॉक्सचा मोबाईलवर फोटो काढला म्हणजे कुठला कुठे ते चुकणार नाही. झाकणाच्या आत पांढरा प्लास्टिकचा छोटा चिमटा असतो फ्युज ओढायचा, तो वीस वर्षांनी पण जागेवर होता. एक फ्युज काढायचा, मीटर बघायचा, परत लावायचा, पुढचा. वायपर, काही नाही. इंडिकेटर, काही नाही. हॉर्न, नाही. स्टिरिओ आणि घड्याळाचा फ्युज काढला तर ०.३४ चं ०.३१ झालं. मला एकदम वाटलं सापडलं, पण ०.०३ म्हणजे ३० मिलिअँपियर, हे तर नॉर्मलच आहे, स्टिरिओच्या मेमरीचं. बाकीचा ०.३१ तसाच. बॉनेटमधल्या फ्युज बॉक्समधले पण काढले. शेवटी दोन्ही बॉक्समधले सगळेच फ्युज काढून एका ताटलीत ठेवले, गाडीत एकही फ्युज नाही, आणि मीटर दाखवतोय ०.३१.

इथे मी खरंच थांबले आणि घरी येऊन चहा केला. इंटरनेटवर जिथे जिथे वाचलं तिथे हेच लिहिलेलं, फ्युज काढत जा, ज्या फ्युजला आकडा पडेल तो गुन्हेगार. सगळे काढूनही आकडा पडला नाही तर काय हे कोणी नीट सांगत नाही. चहा पिताना सुचलं की याचा अर्थ एकच होऊ शकतो, जो कोणी करंट खातोय तो फ्युज बॉक्समधून खातच नाही, सरळ बॅटरीवरून खातोय. असे गाडीत किती जण? सेल्फ, डायनामो आणि नंतर कोणी बाहेरून लावलेलं काही.

म्हणजे इलेक्ट्रिशियनचा डायनामो परत यादीत आला. तो पण तपासला. बॅटरीची निगेटिव्ह पूर्ण काढली, डायनामोच्या मागे रबरी टोपीखाली जाड वायर नटने बसवलेली असते ती सोडवली, ती वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हची असते म्हणून तिच्या टोकाला नीट इन्सुलेशन टेप गुंडाळून बाजूला ठेवली, मग परत मीटर लावला. ०.३१. डायोड गळका असता तर इथे आकडा पडायला हवा होता. पडला नाही. साडेचार हजार वाचले आणि एक चांगला डायनामो उगाच बदलला गेला नाही.

मग बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलकडे टॉर्च मारून नीट बघितलं, जे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. टर्मिनलला कंपनीच्या दोन जाड वायरी, आणि त्यांच्या खाली पांढऱ्या पावडरीत दबलेल्या अजून दोन वायरी, हाताने पिळून नटखाली दाबलेल्या. एक पुढे हॉर्नच्या रिलेकडे जात होती, बाबांनी कधीतरी जोरात वाजणारे हॉर्न लावले होते घाटासाठी. दुसरी लाल वायर मागे, बॉडीतल्या एका भोकातून आत केबिनमध्ये. हॉर्नची सोडवली, ०.३१. लाल सोडवली.

०.००.

मी तिथेच बसून राहिले दोन मिनिटं. परत टेकवली, ०.३१. परत काढली, ०.००. चार वेळा केलं असेल.

लाल वायरीच्या मागे मागे गेले. ड्रायव्हर साईडच्या पॅडलच्या वरून आत, कार्पेटखालून गियरच्या बाजूने, डाव्या सीटच्या खाली. सीट पुढे सरकवून मॅट उचलली तर तिथे चपटा काळा डबा, स्पीकरचा छोटा अँप्लिफायर. वायर परत जोडल्यावर अर्ध्या तासाने हात लावला, डिसेंबरची सकाळ, सगळी गाडी गार, आणि तो डबा कोमट. तीन दिवस उभ्या गाडीत तो असाच कोमट बसलेला असायचा.

बाबांना फोन केला. त्यांना लगेच आठवलं. २००९ मध्ये लावला होता, आईला प्रवासात अभंग ऐकायला आवडतात आणि गाडीचे मूळ स्पीकर घाटात इंजिनच्या आवाजापुढे ऐकूच यायचे नाहीत, म्हणून. तेव्हा काही त्रास नव्हता. मग २०१९ ला जुना स्टिरिओ गेला, दुसरा बसवला, यूएसबीवाला. तिथे गोम होती. अँप्लिफायर चालू व्हायला तीन वायरी लागतात, एक बॅटरीची जाड पॉझिटिव्ह, एक अर्थिंग आणि एक बारीक वायर जिला रिमोट म्हणतात. या बारीक वायरीला १२ व्होल्ट मिळाले की अँप्लिफायर जागा होतो, नाही मिळाले की झोपतो. ती स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरीला जोडायची असते, म्हणजे स्टिरिओ बंद केला की अँप्लिफायर पण बंद. मी स्टिरिओ बाहेर ओढून बघितला तर निळी-पांढरी वायर तशीच गुंडाळून टेप मारून मोकळी सोडलेली, आणि अँप्लिफायरची रिमोट वायर पिवळ्या वायरीला पिळलेली. स्टिरिओच्या मागची पिवळी म्हणजे कायम चालू, चावी असो नसो, आणि लाल म्हणजे चावीवर. म्हणजे ज्या दिवशी नवीन स्टिरिओ बसला त्या दिवसापासून अँप्लिफायर एकदाही झोपला नव्हता. मग फ्युज काढल्यावर तो बंद का नाही झाला हा प्रश्न मला लगेच पडला, कारण पिवळीचा करंट तर स्टिरिओच्या फ्युजमधून यायला हवा. तर बसवणाऱ्याने पिवळी गाडीच्या मूळ वायरीला जोडलीच नव्हती, अँप्लिफायरकडच्या जाड लाल वायरीवरून काढलेल्या एका तुकड्याला जोडलेली होती. फ्युज काढला तरी मागच्या दाराने करंट येतच होता, आणि स्टिरिओची मेमरी पण तिथूनच चालू राहत असणार, मग जो ०.०३ चा फरक मला दिसला तो डॅशबोर्डचं घड्याळ आणि त्या फ्युजवरचं बाकीचं असणार. ज्याने हे केलं त्याने स्टिरिओ वाजला, गिऱ्हाईक गेलं, एवढंच बघितलं.

मला याहून जास्त राग दुसऱ्या गोष्टीचा आला. त्या जाड लाल वायरीचा फ्युज सीटखाली, अँप्लिफायरच्या शेजारी होता. बॅटरीपासून तिथपर्यंत अडीच तीन मीटर वायर, पत्र्याच्या भोकातून रबरी बुश न लावता आत घेतलेली, आणि मधे फ्युज नाही. पत्र्याच्या कडेला इन्सुलेशन घासून आतली तांब्याची तार एका जागी दिसत होती. ती पत्र्याला टेकली असती तर बॅटरीचा सगळा करंट त्या वायरीतून गेला असता आणि सीटखालच्या फ्युजला कळलंही नसतं, कारण फ्युज फक्त त्याच्या पुढच्या वायरीला वाचवतो, मागच्या नाही. म्हणून फ्युज नेहमी बॅटरीच्या जवळ हवा, फार तर दीड फुटावर. उभ्या उभ्या पेटलेल्या गाड्यांच्या बातम्या आपण वाचतो तेव्हा मला आता ते भोक डोळ्यांसमोर येतं. माझे आईबाबा या गाडीतून तेरा वर्षं त्या वायरीसकट फिरले. बॅटरी उतरायची म्हणून निदान मी शोधायला तरी बसले.

दुरुस्तीला तासभर लागला आणि दोनशे रुपये पण नाही. नवीन वायर, भोकाला रबरी बुश, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्युज होल्डर, पिवळीला जोडलेला तो चोरटा तुकडा काढून टाकून पिवळी गाडीच्या मूळ वायरीला जोडली आणि रिमोट वायर निळ्या-पांढरीला जोडून वर टेप नाही तर हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, लावली. टर्मिनलवरची पांढरी पावडर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ द्यायचं नाही, कोरडं पुसलं आणि टर्मिनल घट्ट करून वर थोडं व्हॅसलीन लावलं. सगळे फ्युज ताटलीतून परत जागेवर, फोटो बघून. मीटर लावला, दाराचं बटण दाबलेलं, पाच मिनिटं थांबले. ०.०३.

स्टिरिओ लावला, अँप्लिफायर जागा झाला, बंद केला, आकडा परत खाली. हे बघायला पण फार समाधान वाटलं.

बॅटरी मात्र इतक्या वेळा पूर्ण रिकामी झाल्यामुळे थकलेली होती. गाडीची बॅटरी सेल्फला एकदम जोर द्यायला बनवलेली असते, आतल्या प्लेट पातळ असतात, पुन्हा पुन्हा तळापर्यंत गेलेलं तिला सोसत नाही, इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी ती नाही. ती मी काढून चार्जरवर लावली, साडेतीन अँपियरने, म्हणजे ३५ चा दहावा हिस्सा, सावकाश रात्रभर. एक दिवस तशीच ठेवून मोजली तर १२.६४, आणि सेल्फ मारताना १०.१ पर्यंतच खाली आली. ९.६ च्या खाली गेली नाही म्हणजे अजून तिच्यात जीव आहे. निदान हा हिवाळा तरी काढेल.

नवीन गाड्या असणाऱ्यांना एकच सांगते, हे सगळं तसंच्या तसं करू नका. त्यात बरेच छोटे कॉम्प्युटर असतात, गाडी बंद केल्यावर ते झोपायला वीस मिनिटं ते तासभर घेतात, तोपर्यंत मीटर मोठाच आकडा दाखवत राहतो आणि तुम्ही फ्युज काढून परत लावला की ते परत जागे होतात. माझ्या मावसभावाच्या गाडीला आम्ही फ्युज न काढता बघितलं, फ्युजच्या पाठीवर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात, त्यांच्यावर मीटर मिलिव्होल्टवर ठेवून टेकवायचा, शून्य आलं तर त्या फ्युजमधून काही जात नाही, आकडा आला तर जातंय. त्याच्या गाडीत पार्किंगसाठी चालू राहणारा डॅशकॅम निघाला, तो त्याने स्वतःच लावलेला. आणि डिकीचा लाईट, तो डिकी बंद केल्यावर खरंच बंद होतो का हे बघायला मोबाईलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवून डिकी लावायची, सोपं आहे.

सोमवारी सकाळी १२.६४ होतं, मुद्दाम गाडीला हात लावला नाही, शुक्रवारी संध्याकाळी मोजलं, १२.५५. चावी फिरवली, पहिल्या झटक्यात चालू. बाबांना मीटरचा फोटो पाठवला तर त्यांचा लगेच फोन, "हॉर्नची वायर बघितलीस का, तिला फ्युज आहे का?"

नाही. तिलाही नाही, ती पण बॅटरीवरून सरळ गेलीय. या शनिवारी १५ अँपियरचा फ्युज होल्डर घेऊन बसणार आहे, बाबा पण येतायत साताऱ्याहून, म्हणाले मी बल्ब धरतो.